परमुलखातलं पत्र

सरांना कुणी वेळ विचारली की ते उलट विचारायचे, "कुठली?"

विचारणारा गडबडायचा. बारामतीच्या एसटी स्टँडवर उभ्या माणसाला बारामतीचीच वेळ हवी असणार, दुसरी घेऊन तो काय करील? सर मात्र मनगट वर करून शांतपणे सांगायचे, "लंडनात पाच वाजलेत. आपलं तुम्ही बघा." त्यांचं चावीचं घड्याळ कायम साडेपाच तास मागं लावलेलं असायचं. पोरं बोटं मोजून हिशेब करायची आणि शिव्या घालत गाडी पकडायला पळायची.

सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांना आम्ही 'व्हिसा' म्हणायचो. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. का म्हणायचो ते सांगतो, पण त्याआधी आमच्या भागाची एक खोड सांगितली पाहिजे.

आमच्याकडं माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "कुणाचा रं तू?" असं विचारतात. बापाचं नाव सांगा, मग गाव, मग मामाचं गाव. तिसऱ्या उत्तरापर्यंत समोरच्याला तुमची कुठली तरी आत्या सापडलेली असते आणि चहा मागवलेला असतो. इंदापुरापासून बारामतीपर्यंत कुठंही जा, उपाशी मरायची सोय नाही. मला स्वतःला या खोडीचा फायदाच झालाय. पुढं त्याच कॉलेजात मी क्लार्क म्हणून चिकटलो, तो मामाच्या चिठ्ठीवर. माझ्या हुशारीवर चिकटलो असतो तर आज बोंबलत बसलो असतो.

सरांना हा प्रश्न चालत नसे. कुणी "सर, तुमी कुणाचं? मूळ गाव कुठलं?" म्हटलं की ते म्हणायचे, "मी कुणाचाच नाही." बस्स. बायको-पोरं नव्हती. दर दोन महिन्यांनी खानावळ बदलायचे, का तर वाढणारा ओळखायला लागतो. चहा बिनसाखरेचा. साखर कारखान्याच्या दारात राहून साखर खायची म्हणजे घरजावई होणं, असं त्यांचं म्हणणं. शर्टाच्या वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट असायचा. आत कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के असतील यावर आम्ही पैजा लावायचो. आत कुणी कधी बघितलं नव्हतं.

दर जूनला पहिल्या तासाला ते एक कात्रण बाहेर काढायचे. कुठल्याशा इंग्रजी पेपरातलं, घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्ट्या लावलेलं. लिहिलेलं असं होतं की परदेशात एक कॉलेज आहे, तिथं पोरगं दुसऱ्या देशात जाऊन शिकून आल्याशिवाय त्याला पदवीच देत नाहीत. सर ते वाचायचे, मराठीत सांगायचे आणि वर्गाकडं बघून म्हणायचे, "आणि तुम्ही? दौंडच्या पुढं रेल्वे जाते, हे तरी माहीत आहे का?"

मग नियम सांगायचे. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोरानं तीस दिवस परमुलखात राहून यायचं. एकट्यानं. नातेवाईक नको, गाववाला नको, मराठी बोलणारा नको. कुणीतरी विचारायचा, "सर, परमुलूख म्हंजी नेमकं कुठनं सुरू?" त्यावर ते म्हणायचे, "जिथं तुझ्या बापाचं नाव सांगून चहा मिळत नाही, तिथून."

आणि येताना तिथल्या एका माणसाचं पत्र आणायचं, त्याच्या भाषेत, त्याच्या हातचं. एवढं केलं की सर प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करणार. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता यायचं नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर पदवी नाही. विद्यापीठात असा काही नियम नव्हता हो! पण पेन सरांच्या हातात होतं, म्हणूनच ते 'व्हिसा'. प्राचार्यांनी त्यांना दोनदा मेमो दिला. सरांनी दोन्ही वेळा लंडनची वेळ टाकून पोच दिली.

पत्रांचं आणखी एक होतं. सरांना कानडी येत नव्हतं. आमच्याकडची पोरं जाऊन जाऊन जाणार कुठं, तर विजापूरकडं, त्यामुळं पत्रं सगळी कानडी. सर कागद उजेडाला धरायचे, ती गोलगोल अक्षरं बघायचे, खूश व्हायचे आणि लोखंडी पेटीत टाकायचे. एकदा मी विचारलं, "सर, ह्यात काय लिहिलंय ते कुणाकडनं वाचून घ्यायचं का?"

"वाचायचं कशाला? मला वाचता येत नाही, म्हणूनच ते खरं. मला वाचता आलं असतं तर तो परमुलूख कसला?"

एवढ्या शिकलेल्या माणसाचं हे डोकं! पोरांनी याचं काय केलं असेल, ते सांगायची गरज नाही. माळेगावच्या कारखान्यावर साखर भरायला कानडी ड्रायव्हर यायचे. एक भेळ आणि चहा पाजला की ते ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून पानभर लिहून द्यायचे. पोरगं महिनाभर आत्याकडं नाहीतर मावशीकडं दडून बसायचं. बाहेर तोंड दाखवायचं नाही, एवढंच पथ्य. मीही तेच केलं. माझी आत्या माळेगावातच होती.

आमच्या वर्गात द्वारका नावाची मुलगी होती. इंदापुराकडच्या कळंबची. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. पुढं कळप विकून वडिलांनी थोडं रान केलं. त्यांना सगळे आबा म्हणत. थोरला भाऊ ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आबांनी भावकीचं न ऐकता पोरीला कॉलेजला घातलं होतं. पण भावानं अट घातली होती, आणि द्वारका ती आम्हाला हसत हसत सांगायची, "ह्या साली परीक्षा दिली तर फुडं मास्तरीन. न्हाय दिली तर वैशाखात मुंडावळ्या." हसायची, पण नख खायची.

सरांनी नियम सांगितला त्या दिवशी ती उभी राहिली.

"सर, माझं झालंय."

"काय झालंय?"

"परमुलूख. पाच वर्साची असल्यापास्नं मी कोकणात जात हुते. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आन् घाट उतरायचा. पाऊस लागंस्तवर तितंच. तितली बोली आमाला कळायची न्हाय, आमची त्यास्नी. हिरीवर पानी भरू द्यायची न्हाईत. आबाचं नाव सांगून च्या न्हवं, सावली बी मिळत न्हवती. सात वर्सं काढली मी."

मला वाटलं, आता सर उठून तिच्या पाया पडतील. पडायलाच पाहिजे होतं. सगळ्या कॉलेजात, सरांना धरून, तेवढा मुलूख दुसऱ्या कुणी पायाखाली घातला नव्हता.

सरांनी विचारलं, "एकटी गेली होतीस?"

"न्हाय. घरची हुती की."

"मग तो परमुलूख नव्हे. तुझं गाव तुझ्याबरोबर चालत होतं. बस खाली."

ती बसली नाही. वर्ग संपेपर्यंत उभीच राहिली. सरांनी फळ्यावर नकाशा काढला, पुसला, घंटा झाली आणि ते निघून गेले. त्या तासाला मी सरांवर जेवढा चिडलो, तेवढा पुन्हा फक्त स्वतःवरच चिडलोय.

बाहेर आल्यावर मी तिला ट्रकची युक्ती सांगितली. म्हटलं, "येडी हायस का? वर्गातल्या दोन पोरींनी भावाकडनं पत्रं मागवल्यात. तुझं बी मी आणून देतो."

"नगं," ती म्हणाली. "आता खोटं पत्र आणलं तर माझं कोकण बी खोटं ठरंल."

डिसेंबरात ती गेली. घरी सांगितलं, कॉलेजची सहल आहे, सगळा वर्ग चाललाय, महिन्याची. आबांनी एसटीत बसवून दिलं. मी त्याच आठवड्यात आत्याकडं जाऊन पडलो.

आता माझी करणी ऐका. पंधरा दिवस मी पथ्य पाळलं. सोळाव्या दिवशी जीव आंबला म्हणून कारखान्याच्या गेटवर भजी खायला गेलो. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रांगेतल्या एका ट्रॅक्टरवरनं कुणीतरी हाक मारली. बघतो तर द्वारकाचा भाऊ! तिला न्यायला कॉलेजवर यायचा, त्यामुळं मला ओळखायचा. त्या हंगामात तो माळेगावला ऊस ओढत होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

"तू हितं कसा?" तो म्हणाला. "तुमची सहल हाय न्हवं?"

हातात भजी, तोंडात भजी. ताप आला म्हणून परत आलो, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण खोटं बोलायचंच कळत नव्हतं आणि खरंही बोलवेना. मी नुसता आ वासून उभा राहिलो. त्याचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी सहल न्हाईच," तो म्हणाला. "मग आमची पोरगी कुठंय?"

मी पळालो. हो, पळालोच.

तीस दिवस पुरे करून द्वारका आली. विजापूरच्या पुढच्या एका खेड्यात एका घरी राहिली होती. आधी बारामतीत उतरून तिनं पत्र सरांच्या हातात दिलं. सरांनी ते उजेडाला धरलं, पेटीत टाकलं आणि जर्नलवर सही केली. मग ती कळंबला गेली. तिला वाटलं, जर्नल दाखवलं की सगळे गप्प बसतील.

पुढचं मला तिच्या शेजारणीकडनं कळलं. आबा दारातच बसलेले होते. भावकी गोळा झालेली. भावानं विचारलं, "महिनाभर कुठं हुतीस? कुणापाशी?" तिनं सांगितलं, पण त्या गावाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, माणसाचं नाव कुणाला उच्चारता येईना. एक म्हातारा आबांना म्हणाला, "आरं, पोरगी तुझी न्हवं? तूच सांग, काय करायचं." आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "आमची न्हाय."

ती वळली आणि तशीच चालत फाट्यावर आली. बारामतीत एका मैत्रिणीकडं राहून तिनं प्रॅक्टिकल दिलं, पेपर दिले. शेवटच्या पेपरला मी तिच्या समोर जायचं टाळलं. त्याच दुपारी ती सोलापूरच्या गाडीत बसली. सेकंड क्लासमध्ये पास झाली. मार्कलिस्ट न्यायला कुणी आलं नाही.

आणि सर? सर पुढच्या जूनला वर्गात म्हणाले, "इतक्या वर्षांत एकच विद्यार्थिनी खऱ्या अर्थानं परदेशी गेली. कारण ती परत घरी राहिली नाही." अभिमानानं म्हणाले. मी तेव्हा ऑफिसात नवा लागलो होतो. व्हरांड्यातनं हे ऐकलं आणि हातातलं रजिस्टर त्यांच्या टाळक्यात घालावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडानं घालणार?

दोन वर्षांनी आबा कॉलेजात आले. खिडकीपाशी उभं राहून मला म्हणाले, "पोरीचा पत्ता पायजे हुता." आबांचं अंग निम्मं झालं होतं. म्हणाले, "जेवताना तिचं ताट मांडू का म्हून तिची आई रोज इचारती. मी रोज गप बसतो. आता न्हाय गप बसवत."

कॉलेजच्या दप्तरात तिचा पत्ता कळंबचाच होता. तिनं सांगितलेलं ते गावाचं नाव आबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसरा पत्ता असणार तर तो फक्त त्या पत्रात. मी आबांना सरांकडं नेलं. सरांनी पेटी उघडली. आत पन्नासएक पत्रं. एकावरही सरांनी पोराचं नाव टाकलेलं नाही, साल नाही. सरांनी मूठभर उचलली, चाळली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"यातलं कुठलं?" आबांनी विचारलं.

"मला... वाचता येत नाही," सर म्हणाले.

आम्ही तिघं पेटी घेऊन माळेगावला गेलो. साखर भरायला आलेला एक वयस्कर कानडी ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत डबा खात होता. मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात धुतले आणि एकेक कागद वाचायला घेतला.

पहिल्यात ट्रकच्या टायरांची यादी होती. दुसऱ्यात कुणाच्या तरी मेव्हण्याच्या तक्रारी. तिसरं वाचताना ड्रायव्हर हसायला लागला आणि सांगेचना. सर पाय जवळ घेऊन पोत्यावर बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. बारावं की तेरावं पत्र असेल. ड्रायव्हरनं वाचलं, "हा पोरगा कुटं गेला नाही. इतंच भजी खातो. याला आणि याच्या मास्तरला, दोगाला काम नाही."

कागद मी ओळखला. माझ्या वहीचा होता. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

असं करता करता तळातला एक कागद आला. दोन्ही बाजूंनी भरलेला, बारीक अक्षर. ड्रायव्हर आधी मनाशीच वाचत राहिला. मग म्हणाला, "हे खरं हाय." आणि सावकाश, अडखळत, सांगायला लागला.

"सरांना नमस्कार. तुमची पोरगी द्वारका आमच्या घरी हाय. माझ्या तीन पोरींच्या मदी झोपती. चांगली हाय, कामाला वाघ हाय. पन परत जायाला भिती. तिच्या गावात लोक बोलतील. तुमी मोटे माणूस, तुमी तिच्या वडिलांना सांगा, स्वता इतं यावं आनि घेऊन जावं. बाप घेऊन गेला की कोन बोलत नाही. मी आलो असतो सोडायला, पन माजा पाय काम करत नाही. बाप येईपर्यंत तिला ठेवतो म्हटलं, ती ऐकत नाही, तीस दिवस झाले म्हनते. म्हनून तिच्याच हातात पत्र देतो. तुमी लवकर वाचा."

खाली गावाचं नाव होतं.

आबांनी विचारलं, "हे पत्र तुमाला कवा मिळालं?"

"ती आली त्याच दिवशी. सकाळी," सर म्हणाले.

"म्हंजी ती माझ्या दारात हुबी हुती तवा हे तुमच्या पेटीत हुतं."

ड्रायव्हरनं कागदाची घडी घालून आबांच्या हातात दिली. आबांनी ती टोपीत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी आबा आणि सर त्या गावाला गेले. मी गेलो नाही. रजा मिळाली नाही असं सांगितलं, मागितलीच नव्हती. चार दिवसांनी आबा एकटे परत आले. पत्र लिहिणारा माणूस आधीच्या वर्षी वारला होता. पोरी लग्न होऊन पांगल्या होत्या. द्वारका त्याच्या दहाव्यापर्यंत तिथं होती, मग कुठंतरी शिकवायला गेली, कुणी म्हणे हुबळीकडं, कुणी म्हणे आणखी खाली.

"आन् सर?" मी विचारलं.

"ते म्हनले, तुमी जावा, मी बघतो. म्या म्हनलं, मास्तर, तुमाला तितलं काय ठावं? तवा त्यांनी खिशातली ती वही काढून दावली. पासपोट का काय. समदी पानं कोरी! मला म्हनले, आबा, मी कुठंच गेलेलो न्हाय. दौंडाच्या फुडं ह्या पैल्यांदाच."

सर कामावर परत आलेच नाहीत. दोन महिने गेले. मग एक दिवस टपालात कॉलेजच्या नावावर एक पाकीट आलं. आत कानडी पत्र. अक्षर कुणाचं, कळत नव्हतं. तसाच उठलो, सायकल काढली आणि माळेगावला गेलो. तिथं एका ड्रायव्हरनं रांगेत उभ्या उभ्या वाचून दाखवलं. एका देवळाच्या पुजाऱ्यानं लिहिलं होतं. तुमच्याकडचे एक सर इथं आजारी पडून आहेत. गावोगाव एका मुलीला शोधत फिरत होते. कुणाचे विचारलं तर सांगत नाहीत. कुणी त्यांचं असेल तर येऊन घेऊन जावं.

प्राचार्य म्हणाले, "यांचं कुणी आहे का?" रजिस्टरला वारसाच्या रकान्यात रेघ मारलेली होती. स्टाफरूममधनं एकेकजण तासाचं निमित्त काढून उठून गेला. मी कळंबला गेलो. खरं तर नुसतं सांगायला गेलो होतो.

आबांनी ऐकून घेतलं, उठले, पायात वहाणा घातल्या.

मी म्हटलं, "आबा, तुमी? त्या माणसापायीच तर..."

"त्याच्या पायी न्हाय. माझ्या तोंडापायी," आबा म्हणाले. "आन् आणाय कुणीतरी जायाला पायजे न्हवं? चल, येतूस का हितंच बसतूस?"

या वेळी मी गेलो.

सरांना आम्ही एसटीनं आणलं, मधल्या बाकावर आडवं करून. सबंध रस्ता त्यांचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. द्वारका सापडली नव्हती. आजपर्यंत सापडलेली नाही. घड्याळाला चावी दिलेली नव्हती, ते मधेच कुठल्यातरी वेळेवर बंद पडलं होतं. इंदापूर आलं तेव्हा सरांनी डोळे उघडून एकदा विचारलं, "किती वाजले?" मी "साडेतीन" म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात खिडकीमागच्या माणसानं केसपेपर पुढं ओढला. नाव मी सांगितलं. वय अंदाजानं सांगितलं. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कुणाचे?"

मी आबांकडं बघितलं. आबा खिडकीची सळई धरून उभे होते. मागं रांग वाढली, कुणीतरी "आवरा की" म्हणालं.

"आमचं," आबा म्हणाले. "लिवा. आमचंच हायत."

आणि तिथंच खाली फरशीवर बसून ते पोरीचं नाव घेऊन रडायला लागले.